दोनशे बारा आवाजांची सावली

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५. कासुर्डी. सकाळी ७.१५

एक कोडे. फोन भरतो. आपण बसून पन्नास फोटो पुसतो. फोन तरीही म्हणतो, जागा शिल्लक नाही. आणखी पन्नास पुसतो. फोनचे म्हणणे तेच. हा अनुभव ज्याला नाही असा माणूस यवत ते पाटस या पट्ट्यात मला भेटलेला नाही. परंतु असे का होते, हे विचारणाराही भेटलेला नाही. लोक फोन बदलतात.

उत्तर सोपे आहे. पुसलेली वस्तू फोन टाकून देत नाही, कचरापेटीत ठेवतो. तीस दिवस. माणसाला पश्चात्ताप होईल अशी त्याची अपेक्षा असते. जागा खरोखर हवी असेल तर कचरापेटीही रिकामी करावी लागते. यवतच्या कनिष्ठ महाविद्यालयात वीस वर्षे संगणक शिकवल्यामुळे मला हे एका वाक्यात सांगता येते. आज साधनाला ते पस्तीस मिनिटांत सांगितले.

साधना, माझी पत्नी, अंगणवाडी सेविका आहे. तिचा फोन भरला आणि बालकांची वजने नोंदवण्याचे अ‍ॅप उघडेना. फोन माझ्या हाती देऊन ती म्हणाली, "बाकी काय बी उडवा, पर आबाला हात लावू नका."

आबा म्हणजे माझे सासरे, कै. कोंडिबा. जन्म मेंढरांमागे गेला. लिहिता येत नसे, म्हणून शेवटची चार वर्षे वाटेवरून मुलीला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवत. असे दोनशे बारा संदेश तिच्याकडे आहेत. रोज सकाळी चहाला आधण ठेवले की ती एक ऐकते. त्या वेळी मी अंघोळीला असतो, त्यामुळे मी एकही ऐकलेला नाही. तशी आवश्यकताही भासली नाही.

तिची सूचना: पर्यवेक्षिका बाईंसारखी आपणही त्या मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर जागा घेऊ. मी नकार दिला. क्लाउड म्हणजे ढग नव्हे, दुसऱ्याचा कॉम्प्युटर. सासऱ्यांचा आवाज परक्याच्या घरी भाड्याने ठेवायचा?

संकल्प: घरातच स्वतःचा सर्व्हर. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर. मुदत ३० नोव्हेंबर. त्या दिवशी आबांना जाऊन दोन वर्षे होतात. शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याजवळ, मेहुणा भिमा राहतो. त्याच्या वस्तीवर सगळे जमणार आहेत, आणि साधनाला तिथे मोठ्या स्पीकरवर आबांचा आवाज ऐकवायचा आहे. काम मामुली आहे. दोन रविवार पुरतील.

बुधवार, ८ ऑक्टोबर

पहिले पाऊल. साधनाच्या फोनमधला व्हॉट्सअ‍ॅपचा क्लाउड बॅकअप बंद केला. तिकडे आधीचा होता, तोही पुसला. अर्धे स्वातंत्र्य हे स्वातंत्र्य नव्हे.

ती म्हणाली, "नवं घर बांधायच्या आधीच जुनं पाडलं व्हय?"

हसलो. तांत्रिक विषयात घरगुती उपमा कशा दिशाभूल करतात, याचे हे उत्तम उदाहरण. वर्गात वापरीन.

रविवार, १२ ऑक्टोबर

यंत्र मिळाले. महाविद्यालयाने निर्लेखित केलेला, म्हणजे भंगारात काढलेला, जुना कॉम्प्युटर. लिनक्स चढवले. आवाज चालत नाही (साउंडचा ड्रायव्हर सापडत नाही), परंतु सर्व्हरला बोलायचे नसते. ठेवायला जागा: शेळ्यांच्या पेंडीच्या पोत्यांशेजारी. तिथे गारवा असतो.

सॉफ्टवेअरची निवड हा खरा अभ्यासाचा विषय. तक्ता केला. चौतीस निकष, प्रत्येकाला गुण. स्पर्धक तीन: नेक्स्टक्लाउड, सीफाइल, सिंकथिंग.

हर्षदाचा (कन्या, पुण्यात इंजिनिअरिंग, तिसरे वर्ष) फोन आला. म्हणाली, "पप्पा, काहीही घ्या. फक्त ठेवून झालं की एक फाइल तिथून परत उघडून बघा. बास."

चौतीस निकषांत हा कुठेच बसत नाही. तिला निकष म्हणजे काय ते सांगितले. बहुधा रेंज गेली असावी.

रविवार, १९ ऑक्टोबर

निकाल.

नेक्स्टक्लाउड हा मोठा संसार आहे. फाइली, कॅलेंडर, पत्ते, सगळे एका छताखाली. आमच्या यंत्राला तो भार पेलणार नाही. सीफाइल चपळ आहे, पण फाइलचे तुकडे करून स्वतःच्या पद्धतीने रचतो. डिस्क काढून दुसरीकडे लावली तर आपली फाइल आपल्याला सरळ ओळखू येत नाही. सिंकथिंगमध्ये मध्यस्थच नाही. फोन आणि खोका (म्हणजे पेंडीशेजारचा कॉम्प्युटर) परस्परांशी थेट बोलतात. एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे. शंभरपैकी ब्याण्णव गुण. निवड झाली.

त्यात जुन्या प्रती राखण्याचाही एक पर्याय आहे. मुळात तो बंद असतो. बंदच ठेवला. पुसलेले जपून ठेवायचे असेल तर पुसायचे कशाला?

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

भिमा ओवाळून घ्यायला आला. पेंडीच्या खोलीत नेऊन त्याला खोका दाखवला. त्याने विचारले, "दाजी, हे दूध किती देतं?" ग्रामीण विनोद. सोडून दिले.

त्याला सव्वा तास समजावले. शेवटी म्हणाला, "दाजी, तुमचं काम म्हंजी लई चोख. आबाचा फोन गेल्या साली तुमी साफ करून दिला नव्हं, काय पळतोय! आत येक चिठोरं ठिवलं न्हाई तुमी."

कदर करणारे लोक अजून आहेत.

रविवार, २ नोव्हेंबर. दुपारी ४

मोठा दिवस. दोनशे बारा आवाज व्हॉट्सअ‍ॅपमधून काढून फोनमध्येच 'आबा' नावाच्या फोल्डरमध्ये आणले. प्रत्येकाला क्रमांक दिला: आबा-००१ ते आबा-२१२. मग खोक्याशी जोडणी. सगळे खोक्यावर उतरले. मोजले: दोनशे बारा. नावे ताडून पाहिली: दोनशे बारा. व्हॉट्सअ‍ॅपमधली मूळ चॅट आता अनावश्यक ठरली, ती मोकळी केली.

सूचीही केली. क्रमांक, दिनांक, कालावधी सेकंदांत, आकार. अशी सूची या तालुक्यात कोणाच्या सासऱ्यांची नसेल.

एक निरीक्षण: सगळे आबा मिळून जेमतेम एकतीस एमबी भरतात. फोन भरला आहे तो माझ्या व्याख्यानांनी. 'मल्हारी सरांचे मार्गदर्शन', भाग १ ते १६२, चौदा जीबी. मीच वेळोवेळी तिला पाठवलेली. ती अर्थातच अमूल्य असल्याने तो पर्याय विचारात घेतला नाही.

साधनाने विचारले, "म्हंजी नेमकं झालं काय?" समक्रमण हा शब्द तिला जड जाईल म्हणून एक सुंदर प्रतिशब्द तिथल्या तिथे सुचला: सावली. म्हटले, "खोका ही तुझ्या फोनची सावली आहे. फोनमध्ये जे जे आहे, ते ते खोक्यात आपोआप."

ती पीठ मळत होती. हात थांबवून म्हणाली, "मग मानूस उठून गेलं, तर सावली मागं ऱ्हाती व्हय?"

किती बाळबोध शंका! विषयाचा गाभाच निसटला होता. तिला पुन्हा पहिल्यापासून समजावले. कणीक वाळली, असे म्हणत होती.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

स्टाफरूममध्ये प्रात्यक्षिक. यवतच्या टेबलावरून कासुर्डीतल्या पेंडीच्या खोलीतली फाइल सर्वांसमक्ष काढून दाखवायची, अशी योजना. खबरदारी म्हणून एक आवाज, आबा-१३७, 'चाचणी' या नावाने पेनड्राइव्हवरही घेतला. का तोच? सूची उघडली तेव्हा पडद्याच्या मधोमध दिसला म्हणून.

सकाळी अकरा वाजता कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉलीने आमच्या गल्लीतली फायबरची वायर वरच्या मोळीत अडकवून थेट चौकापर्यंत नेली. घरचे इंटरनेट बंद. खोका जगापासून तुटला. हा सर्व्हरचा दोष नाही, उसाच्या उंचीचा आहे, हे मी उपस्थितांना फळ्यावर आकृती काढून दाखवले.

इतिहासाचे सावळाराम सर म्हणाले, "ढग घरी उतरवलाय म्हणे सरांनी. पाऊस कधीचा?" सगळे हसले. सावळाराम सरांची सगळी कागदपत्रे आजही पत्र्याच्या पेटीत असतात. अशा माणसाशी काय बोलणार?

शेवटी पेनड्राइव्ह लावून 'चाचणी' हे नाव पडद्यावर दाखवले. स्टाफरूमच्या कॉम्प्युटरला स्पीकर नाही, त्यामुळे ऐकवता आली नाही. परंतु नाव स्पष्ट दिसत होते. शेवटच्या रांगेतूनही.

पेनड्राइव्ह कपाटात टाकला.

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपारी ३

आज उद्दिष्ट गाठले.

सकाळी अंगणवाडीचे अ‍ॅप पुन्हा अडले. साधना रडकुंडीला आली होती, उद्या वजने भरायची अखेरची तारीख. ती शेजारी हळद दळायला गेली असताना फोन हाती घेतला. तत्त्व साधे: जे सर्व्हरवर आहे ते फोनमध्ये कशाला? फोल्डरांची यादी वर्णानुक्रमे येते. पहिलेच नाव 'आबा'. पुसले.

सामान्य माणूस इथेच थांबला असता, आणि जागा का होत नाही म्हणून कपाळाला हात लावून बसला असता. मी फोनची कचरापेटी उघडून तीही रिकामी केली. ज्ञानाचा उपयोग होतो तो असा.

जागा झाली एकतीस एमबी. अ‍ॅप तरीही उघडले नाही. मग नाइलाजाने मार्गदर्शन, भाग ८८ पुसला (त्याच्या तीन प्रती इतरत्र आहेत). अ‍ॅप लगेच उघडले.

विशेष नोंद: आबा पुसल्यावर अवघ्या चार सेकंदांत फोन आणि खोका, दोन्हीकडे 'अद्ययावत' अशी हिरवी खूण आली. इतके तत्पर समक्रमण मी आजवर पाहिलेले नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ६.४०

साधनाने आधण ठेवले. फोन चाळला. म्हणाली, "आबा कुठं गेला?"

सर्व्हरवर आहेत असे सांगून खोका उघडला. 'आबा' हे फोल्डर आहे. आत काही दिसत नाही.

हा दिसण्याचा प्रश्न असावा. फाइली असतात, दिसत नाहीत, असे होऊ शकते.

तिला म्हटले, "मार्गावर आहेत." तिने चहा गाळला. माझ्या कपात साखर नव्हती.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी तिने विचारले, "आला का?" मी म्हटले, मार्गावर.

दुपारी हर्षदाला केवळ शैक्षणिक चर्चा म्हणून प्रसंग सांगितला, अमुक एका गृहस्थाने असे केले तर? ती ओरडली, "पप्पा! खोक्याचा प्लग काढा. आत्ता. कशालाही हात लावू नका. डिस्कवर दुसरं काही चढलं नाही तर पुसलेलं परत काढता येतं. मी शनिवारी येते."

अमुक गृहस्थ मीच, हे तिला कसे कळले, ते समजले नाही.

घाबरून प्लग काढणे ही शास्त्रीय वृत्ती नव्हे. दोष कुठे आहे ते शोधायचे तर पाया स्वच्छ हवा. सगळी यंत्रणा पुसून नव्याने चढवली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

"आला का?" मार्गावर.

कालच्या मांडणीत एक चूक आढळली. यंत्रणा पुन्हा एकदा पुसून चढवली. जागा रिकामी होती, म्हणून मार्गदर्शनाचे १६१ भागही खोक्यावर घेतले. चौदा जीबी, एकही भाग अडला नाही. यंत्र निर्दोष आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

"आला का?"

मार्गावर.

शनिवार, १५ नोव्हेंबर

हर्षदा आली. दोन तास खोक्यापुढे बसली. दुसरी डिस्क लावून कसले तरी शोधयंत्र चालवले. जिथे आबा होते तिथे तिला भाग ४१ सापडला: 'फाइलींची काळजी कशी घ्यावी'.

नंतर फोन पाहिला. कचरापेटी रिकामी. मान वर न करता म्हणाली, "एखादा अडाणी माणूस असता ना पप्पा, तर तीस दिवस कचरापेटीत राहिले असते आजोबा."

तिची भाषा वडिलांना उद्देशून योग्य नव्हती. वाक्यरचना मात्र अचूक होती, हे नोंदवणे भाग आहे.

साधनाला तिनेच सांगितले. साधना शेगडीजवळ उभी होती. विचारले, "समदे?" हर्षदा म्हणाली, "सगळे, आई." साधनाने गॅस बंद केला. पुन्हा लावला. पुन्हा बंद केला.

वातावरण हलके व्हावे म्हणून मी समक्रमण आणि प्रत यांतला भेद अत्यंत सोप्या भाषेत मांडला: समक्रमणात इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते, प्रत मात्र वेगळी असते, तिला मुळाचे काय झाले हे कळतही नाही. साधना म्हणाली, "सावली." एवढेच.

उशिरा का होईना, संकल्पना तिच्या लक्षात आली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

भिमाला फोन केला. आबांच्या जुन्या फोनमध्ये तरी पाठवलेले आवाज असतीलच. तो म्हणाला, "दाजी, त्यो फोन तर तुमीच साफ केला की. येक चिठोरं न्हाई त्यात." मग तो म्हणाला, "शेळ्या बऱ्या हायत का?"

गुरुवार, २० नोव्हेंबर

साधनाला भेट दिली. संपूर्ण सूची यवतला छापून, पुठ्ठ्याची बांधणी करून घेतली. मुखपृष्ठावर 'कै. कोंडिबा: ध्वनिसंग्रह'. माणूस जातो, नोंद राहते.

तिने बराच वेळ पाने उलटली. वाचता वाचता बोट ठेवून विचारले, "ह्यो शहाण्णव लंबर. दिवाळीच्या आदल्या दिशीचा. काय म्हनला हुता आबा ह्यात?"

पाहिले. म्हटले, "बत्तीस सेकंद."

तिने वही मिटून माझ्या हातात दिली. बहुधा मी ती जपून ठेवावी अशी तिची इच्छा असावी.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

साधना भिमाकडे गेली. तीसची तयारी. जाताना म्हणाली, "स्पीकर सांगितलाय भिमानं. आता त्याचं काय करायचं ते बघते." फोन बरोबर नेला. मला चार्जर लावायला म्हणूनही दिला नाही.

घरात शांतता आहे. भाग १६३ ध्वनिमुद्रित करण्यास योग्य वेळ. विषय सुचत नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर. सायंकाळी ५

सापडला!!

महाविद्यालयाच्या कपाटात खडूच्या डब्यामागे पेनड्राइव्ह. त्यात 'चाचणी'. आबा-१३७. सत्तेचाळीस सेकंद, एकशे ब्याण्णव केबी. सूचीशी ताडून पाहिले, तंतोतंत.

दोनशे बारापैकी एक. पण तत्त्व सिद्ध झाले! मुळापासून तुटलेली, स्वतंत्र, वेगळ्या ठिकाणी ठेवलेली प्रत. आणि ती कोणी केली होती? मी.

वीस प्रती केल्या. खोक्यावर, हर्षदाच्या ईमेलवर, तीन पेनड्राइव्हवर, सावळाराम सरांच्या पत्र्याच्या पेटीतही (एक सीडी दिली. म्हणाले, "आला शेवटी ढग पेटीत").

ऐकून पाहायची राहिली. खोक्याला आवाज नाही, स्टाफरूममध्ये स्पीकर नाही, आणि फोनवर ऐकली असती, पण नाव बरोबर, आकार बरोबर, मग काय राहते? शिवाय प्रथम साधनानेच ऐकावी. या निर्णयात एक प्रकारचा उदात्तपणा आहे, असे मला वाटते.

रविवार, ३० नोव्हेंबर. भिमाची वस्ती

चौफुल्यावर एस.टी. चुकली. न्हावऱ्यात उतरून पुढे टमटमने. पोहोचलो तोवर जेवणे उरकत आली होती. अंगणात शंभरेक पाहुणे, आबांच्या फोटोला हार, शेजारी भिमाचा मोठा स्पीकर. नुसताच ठेवलेला.

साधना फोटोजवळ बसली होती. मी सर्वांसमक्ष जाहीर केले की आबांचा एक आवाज शास्त्रीय पद्धतीने वाचवण्यात मला यश आले आहे. साधना उठून उभी राहिली. वीस दिवसांत प्रथमच तिने माझ्याकडे नीट पाहिले. म्हणाली, "खरं?" तिचा हात माझी बाही धरून होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

मी प्रस्तावना सुरू केली. भिमाने पेनड्राइव्ह माझ्या हातून घेतला, स्पीकरला लावला आणि बटण दाबले. कशाचाही अभ्यास न करता.

पुढील मजकूर अचूकतेसाठी जसाच्या तसा:

"साधे, आबा बोलतोय. न्हावऱ्याच्या पुढं हाय म्या. काळीला दोन कोकरं झाली. दोन्ही हुबी ऱ्हायली. आन् आइक. तुजा फोन भरला म्हनलीस नव्हं, तर जावईबापूला इचारू नगं. मानूस वाईट न्हाई त्यो. पर त्यो येकदा समजावून सांगाय लागला, की मेंढरं बी चरायचं इसरत्यात. मागल्या बारीला माज्या फोनचा आवाज बारीक व्हतोय म्हनून इचारलं, तर त्यानं मला आवाज म्हंजी काय ते सांगितलं. भिमाला दे फोन. त्यो नुसता बटान दाबतो. आन् येळंवर जेव. ठिवतो."

"साधे" या शब्दानंतर अंगणात चुलीतले लाकूड तडतडल्याचा तेवढा आवाज. "समजावून सांगाय लागला" इथे मागच्या बाजूला कोणीतरी फसकन हसले. "आवाज म्हंजी काय" इथे म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. "भिमाला दे" म्हटल्यावर भिमा बटणावर बोट ठेवून तसाच उभा होता, आणि मग अख्खे अंगण हसायला लागले. फोटोतले आबाही हसतात तसे दिसतात, पण तो फोटोच तसा आहे.

साधनाही हसली. खूप हसली. नंतर रडली. नंतर म्हणाली, "भिमा, परत लाव."

त्याने नऊ वेळा लावला.

कोणीतरी विचारले की वाचवला तर हाच कसा. मी खरे ते सांगितले: सूची उघडली तेव्हा पडद्याच्या मधोमध होता.

गुरुवार, ४ डिसेंबर. कासुर्डी

साधना परत आली. तिने मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर जागा घेतली आहे. भिमाने बटण दाबून दिले. त्याला दोन मिनिटे लागली. मार्गदर्शनाचे १६१ भाग तिने फोनमधून पुसले. कचरापेटीही रिकामी केली. कशी करायची ते तिला पाठ होते, पस्तीस मिनिटे ऐकले होते.

आता रोज सकाळी आधण ठेवले की ती आबा-१३७ ऐकते. दुसरा नाहीच. दर दिवशी पावणेसात वाजता मला कळते की मेंढरे चरायची विसरतात. अंघोळीची वेळ पुढेमागे करून पाहिली. मोरीत अधिक स्पष्ट ऐकू येते.

शेळ्यांनी खोक्याची वायर खाल्ली. बदललेली नाही.

तथापि या सर्व प्रकल्पातून एक चाचणी हाती आली आहे, आणि ती माझी स्वतःची आहे. हर्षदा म्हणते, तिने ती १२ ऑक्टोबरलाच सांगितली होती. रोजनिशी चाळली. तिचे बरोबर आहे. मांडणी मात्र माझी. प्रथम ती मी माझ्याच व्याख्यानांवर केली. सगळी उघडतात. भाग ३ ऐकताना बाराव्या मिनिटाला मला झोप लागली.

चाचणी अशी. जी गेली तर रडू येईल अशी एकच फाइल निवडावी. ती जिथे सुखरूप आहे असे आपण घरच्यांना सांगतो, तिथे जावे. फोन बाजूला ठेवून जावे. नाव वाचू नये, आकार पाहू नये, हिरवी खूण मोजू नये. तिथूनच ती उघडावी आणि शेवटच्या शब्दापर्यंत ऐकावी. न उघडल्यास ती आपल्याकडे नाही असे समजावे, आणि कोणालाही मार्गावर आहे असे सांगू नये. उघडल्यास, चारचौघांत लावण्यापूर्वी, एकदा एकट्याने ऐकावी.